गरीब देशांतली बाळं वाचवायची कशी: जन्माच्या पहिल्या मिनिटापासून पाचव्या वर्षापर्यंत

२०२२ साली जगात पाच वर्षांखालची सुमारे ४९ लाख मुलं दगावली. १९९० साली हाच आकडा सव्वा कोटीच्या घरात होता, म्हणजे तीन दशकांत बरंच काही साधलं आहे. पण उरलेल्या ४९ लाखांमध्ये एक गोष्ट ठळक दिसते. त्यातली जवळपास निम्मी, सुमारे २३ लाख, जन्मल्यापासून पहिल्या अठ्ठावीस दिवसांत गेली. त्या अठ्ठावीस दिवसांतले पाऊण मृत्यू पहिल्याच आठवड्यात होतात आणि पहिला दिवस सर्वांत वाईट असतो.

वेळेआधी जन्म, जन्मताना गुदमरणं, जंतुदोष, न्यूमोनिया, जुलाब, मलेरिया ही मृत्यूची मुख्य कारणं, आणि जवळपास निम्म्या बालमृत्यूंच्या मागे कुपोषण उभं असतं. यातलं एकही नवं नाही आणि बहुतेकांवरचा इलाज स्वस्त आहे. तरी मूल जातं, कारण इलाज उशिरा पोचतो. किती उशीर चालतो हे मात्र दर आजारात वेगळं असतं: गुदमरलेल्या बाळाकडे एक मिनिट, न्यूमोनियाच्या मुलाकडे काही तास ते एखादा दिवस, कुपोषित मुलाकडे काही आठवडे. म्हणून हा लेख आजारांच्या यादीप्रमाणे नाही, हातात किती वेळ आहे त्या क्रमाने लिहिला आहे.

आरोग्यसेविका, नर्स, छोट्या दवाखान्यातले डॉक्टर आणि अशा भागात काम करणारे कार्यकर्ते डोळ्यांसमोर आहेत. मात्रा जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशींप्रमाणे दिल्या आहेत. देशाचा स्वतःचा तक्ता वेगळं सांगत असेल तर तो तक्ता चालवायचा.

प्रसूतीआधी

कळा सुरू झाल्यावर सामान शोधायला गेलात की पहिलं मिनिट तिथेच संपतं. बाळाला हाताने श्वास द्यायची बॅग आणि मास्क जोडलेल्या अवस्थेत, हाताला येतील असे ठेवा. पूर्ण दिवसांच्या बाळासाठी एक मास्क आणि लहानखुऱ्या बाळासाठी दुसरा, असे दोन आकार लागतात. मास्क तळहातावर दाबून बॅग पिळून पाहा. हवा कुठून तरी फुसकन जात असेल तर ती बॅग बाद. दोन कोरडी, उबदार फडकी, टोपी, निर्जंतुक कात्री किंवा ब्लेड, नाळ बांधायचा चिमटा किंवा दोरा आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ बाजूला असू द्या. पंखा बंद, खिडकीची झुळूक बंद. खोली तुम्हाला उकडेल इतकी गरम असली तरच ओल्या बाळाला ती बरी असते.

आणि दुसरं माणूस. एकटीने प्रसूती करताना बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला आणि त्याच वेळी बाळ रडलं नाही, तर दोन जिवांमधला एक निवडायची वेळ येते. ती वेळ टाळायला नात्यातली एखादी धीट बाई आधीच तयार करून ठेवलेली चालते. तिला फक्त एवढंच सांगायचं की बाळ आलं की घड्याळ बघ आणि मोठ्याने वेळ सांग.

पहिलं मिनिट

बाळ आलं की आईच्या पोटावर घ्या आणि पुसा. डोकं, पाठ, हातपाय जोर लावून कोरडे करा, ओलं फडकं फेकून दुसरं घ्या. पुसणं हीच पहिली चेतना असते आणि बहुतेक बाळं तेवढ्यानेच रडतात. रडलं, तर काहीही करू नका. नाकातोंडात नळी घालायची गरज नाही. आईच्या छातीवर उघडं ठेवा, वरून पांघरूण घाला.

साधारण दहातल्या एका बाळाला श्वास सुरू करायला मदत लागते. न रडलेल्या बाळाचं डोकं किंचित मागे, वास घेतल्यासारखं ठेवा. तोंडात घाण दिसत असेल तरच काढा. पाठ दोन-तीनदा चोळा. तरीही श्वास नाही, किंवा मधूनच एखादा आचका येतो आहे, तर नाळ कापून बॅग-मास्क लावा. आचका म्हणजे श्वास नव्हे. हे ठामपणे लिहितो आहे, कारण आचके देणाऱ्या बाळाकडे बघत थांबण्यात मोलाचे क्षण जातात.

मास्क हनुवटीपासून नाकाच्या मुळापर्यंत बसला पाहिजे, डोळ्यांवर नाही. मिनिटाला साधारण चाळीस वेळा पिळा. बघायचं एकच: छाती वर येते का? येत नसेल तर क्रमाने दुरुस्त करा. मास्क पुन्हा नीट बसवा, डोक्याची ठेवण सुधारा, तोंड साफ करा, तोंड थोडं उघडून पुन्हा लावा, शेवटी थोडा जास्त दाब द्या. जन्मल्यापासून साठ सेकंदांच्या आत पहिली फुंकर गेली पाहिजे. छातीवर दाब आणि औषधं लागणारी बाळं शंभरात एकाहून कमी असतात, म्हणून छोट्या केंद्रात सगळा जोर बॅग-मास्कच्या कौशल्यावरच द्यावा असं माझं मत आहे.

उलटं टांगणं, तळव्यांवर चापट्या, थंड पाण्याचा शिपका, कानात ओरडणं हे सगळं अजून चालतं. त्याने बाळ वाचत नाही, फक्त वेळ जातो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१० साली आणलेला ‘हेल्पिंग बेबीज ब्रीद’ हा अभ्यासक्रम नेमक्या याच एका मिनिटाभोवती बांधला आहे आणि अनेक गरीब देशांत तो शिकवला गेला. पण प्रशिक्षण घेतलं आणि प्रमाणपत्र भिंतीवर लावलं, एवढ्याने हात तयार होत नाही. काही महिन्यांत कौशल्य उतरतं. आठवड्यातून एकदा, पाळी बदलताना दहा मिनिटं बाहुलीवर सराव ठेवा. पुन्हा एखाद्या दिवसाच्या कार्यशाळेला पाठवण्यापेक्षा त्याने जास्त फरक पडतो.

एक नाजूक मुद्दा. ‘मृत जन्मलं’ म्हणून नोंदलेल्या बाळांपैकी काहींचं हृदय जन्मताना चालू असतं, फक्त श्वास सुरू झालेला नसतो. नाळेच्या मुळाशी बोटं ठेवून ठोका बघितल्याशिवाय, आणि श्वास देऊन पाहिल्याशिवाय, वहीत तो शब्द लिहू नका.

पहिला तास आणि पहिला दिवस

श्वास चालू असलेल्या बाळाची नाळ कापायची घाई नको. एक ते तीन मिनिटं थांबलं की वारेतलं रक्त बाळात उतरतं आणि पुढच्या काही महिन्यांची लोहाची शिदोरी मिळते. कापल्यावर नाळ कोरडी आणि उघडी ठेवा. राख, शेण, तेल, पावडर यातलं काहीही नको. नाळेला शेणासारखं घातक काही लावायची रीत सर्रास आहे अशाच भागात क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावायची शिफारस आहे, पण त्याची बाटली डोळ्यांच्या थेंबांसारखी दिसत असेल तर ती वेगळ्या जागी, वेगळ्या खुणेने ठेवा. चुकून डोळ्यांत घातल्याने बाळांना गंभीर इजा झाल्या आहेत.

तासाच्या आत अंगावर पाजायला घ्या. पहिलं घट्ट, पिवळसर चीकदूध टाकून देण्याची आणि त्याआधी मध किंवा साखरपाणी चाटवण्याची रीत अनेक समाजांत आहे. तिथे वाद घालून उपयोग होत नाही. पाजायला मदत करणारे हात त्याच वेळी तिथे हवेत, आणि घरातल्या ज्या बाईचा शब्द चालतो तिच्याशी बोलणं सातव्या-आठव्या महिन्यातच झालेलं हवं.

आंघोळ चोवीस तास नको. बाळाचं तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंश सेल्सिअस असावं. थर्मामीटर नसेल तर पोटाला आणि तळपायाला हात लावा. पाय गार आणि पोट गरम असेल तर बाळ थंडीशी झगडत आहे. पोटही गार लागलं तर झगडा हरतं आहे, त्याला लगेच त्वचेला त्वचा लावून उब द्या.

वजन पहिल्याच दिवशी घ्या. अडीच किलोंच्या खालचं बाळ किंवा दिवस भरायच्या आधी आलेलं बाळ हे वेगळ्या काळजीचं बाळ. त्याच्यासाठी सर्वांत मोलाचं साधन १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर पुरेनात म्हणून वापरात आलं. एद्गार रे यांनी बाळांना आईच्या छातीवर उघडं बांधून ठेवायला सुरुवात केली, आणि ती कांगारू पद्धत जगभर गेली. आधी बाळ स्थिर होऊ द्या, मग कांगारू, असं कित्येक वर्षं शिकवलं जाई. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानियातल्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीने हा क्रमच उलटवला. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आतल्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारूत ठेवल्यावर मृत्यू पाव हिश्श्याने कमी झाले आणि चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. आता शिफारस दिवसाचे आठ ते चोवीस तास अशी आहे, आणि जितकं जास्त तितकं बरं.

प्रत्यक्षात ते असं करायचं. बाळ फक्त लंगोट, टोपी आणि मोज्यांत. आईच्या दोन स्तनांमध्ये उभं, बेडकासारखे पाय फाकवून, डोकं एका बाजूला वळवून आणि हनुवटी किंचित वर. कापडाने असं बांधा की बाळ घसरणार नाही आणि पोटाला श्वास घ्यायला जागा राहील. आई टेकून बसू किंवा झोपू शकेल अशी व्यवस्था हवी. तिला तासन्‌तास ताठ खुर्चीत बसवाल तर दुसऱ्या दिवशी ती सोडून देईल. ती दमली, आंघोळीला गेली, की बाप, आजी, मावशी कोणीही छाती देऊ शकतं. चोखायची ताकद नसलेल्या बाळाला आईचं दूध काढून वाटी-चमच्याने, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. बाटली नको.

पहिला महिना: घरी जाऊन बघायचं

जन्मानंतर पहिल्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी घरी भेट हवी. लहानखुऱ्या बाळाकडे आणखी वारंवार. भेटीत गप्पा मारण्याआधी बाळ उघडं करून बघा. पांघरुणात गुंडाळलेलं बाळ नेहमीच झोपल्यासारखं दिसतं.

धोक्याच्या खुणा सात आहेत: पिणं थांबलं किंवा नीट पीत नाही, झटके, मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास, छाती खोलवर आत ओढली जाणं, अंगात अडतीस किंवा जास्त ताप, साडेपस्तीसच्या खाली थंड अंग, आणि हलवल्याशिवाय हालचाल नाही किंवा अजिबातच नाही. यातली एकही दिसली तर ती गंभीर जंतुदोषाची शक्यता. आई जेव्हा म्हणते ‘कालपर्यंत चांगलं ओढत होतं, आज ओढत नाही’, तेव्हा ते वाक्य प्रयोगशाळेच्या रिपोर्टइतकं गांभीर्याने घ्या. मोठ्या माणसाला जंतुदोषात ताप चढतो. नवजात बाळ बऱ्याचदा उलट थंड पडतं आणि शांत होतं. घरच्यांना वाटतं, बाळ गुणी आहे, त्रास देत नाही.

रुग्णालय गाठता येत असेल तर जेंटामायसिन आणि अँपिसिलिन या प्रतिजैविकांची पहिली इंजेक्शनं देऊन पाठवा. गाठता येतच नसेल, किंवा घरचे नेणारच नसतील, तर रोज जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने अमॉक्सिसिलिन असा दाखल न करता उपचार करता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली तशी वाट मोकळी केली. निपचित पडलेलं, झटके येणारं किंवा अजिबात न पिणारं बाळ मात्र या वाटेत बसत नाही, त्याला न्यावंच लागतं.

गावातली बाई हे करू शकते का, हा प्रश्न जुना आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत अल्पशिक्षित बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. घरी जाऊन बाळ तपासणं, उब राखणं, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणं हे सगळं त्यांनी केलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला. तिथे नुसतं औषध पोचलं नव्हतं. बाळाचं वजन, श्वास, तापमान यांची वही ठेवणारी आणि शेजारीच राहणारी व्यक्ती पोचली होती. हा कार्यक्रम उचलताना बरेचदा इंजेक्शन वगळलं जातं आणि भेटींची संख्या मोजली जाते. तेवढ्याने काम होत नाही.

न्यूमोनिया: पूर्ण मिनिट मोजा

दोन महिन्यांपुढच्या मुलाला खोकला असेल किंवा श्वास जड असेल तर ते शांत असताना, आईच्या मांडीवर, अंगरखा वर करून श्वास मोजा. पूर्ण साठ सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, लहान मुलाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिने ते एक वर्षाच्या आत पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षं चाळीस किंवा जास्त, म्हणजे न्यूमोनिया समजा. श्वास आत घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का तेही बघा. स्टेथोस्कोप नसला तरी चालतं, घड्याळ आणि उघडी छाती यांवर निदान होतं.

औषध अमॉक्सिसिलिन. पाण्यात विरघळणारी २५० मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून दोनदा, पाच दिवस. चार ते दहा किलोंच्या आत वजन असेल तर एका वेळी एक गोळी, दहा ते चौदाच्या आत दोन, चौदा ते एकोणीस किलोंना तीन. पहिली मात्रा समोर बसवून द्या आणि दोन दिवसांनी मूल पुन्हा बघा. खोकल्याच्या गोड औषधाने न्यूमोनिया बरा होत नाही. मूल काहीच पिऊ शकत नाही, प्यायलेलं सगळं उलटतं, झटके येतात, गुंगीत आहे, शांत असतानाही श्वासाला घरघर येते किंवा बोटावरचा ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन नव्वद टक्क्यांच्या खाली दाखवतो, तर गोळ्यांवर थांबायचं नाही.

जुलाब

इथे थोडं जास्त थांबतो, कारण आजवरचं यश सर्वांत जास्त इथलं आहे आणि रोजची ढिलाईही इथलीच.

१९६८ साली ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी दाखवलं की साखर आणि मीठ योग्य प्रमाणात पाण्यातून दिलं तर कॉलराचा रुग्णही सलाईनची बरीचशी गरज टाळून तोंडाने भरून निघतो. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनाबीस यांनी हेच पाणी पिंपं भरून नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण तिसेक टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. पुढे बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या दहा वर्षं घरोघर फिरल्या आणि एक कोटीहून अधिक घरांत बायकांना चिमूटभर मीठ आणि मूठभर गुळाचं पाणी शिकवून आल्या. त्यांचा मेहनताना किती घरं झाली यावर नव्हता, नंतरच्या तपासणीत त्या बाईला किती आठवतं आणि करून दाखवता येतं यावर होता. आरोग्यशिक्षणाचा कार्यक्रम आखणाऱ्याने यातून एवढं जरी उचललं तरी पुरे.

आता कृती. जलसंजीवनीचं, म्हणजे याच साखर-मिठाच्या पाण्याचं, पुडकं लिटरचं असतं, तसं दोनशे मिलिलिटरचंही मिळतं. आधी छापलेलं वाचा, मग त्या घरातलंच भांडं मापून खूण करा. पूर्ण पुडकं, पूर्ण पाणी. थोडी पूड पेल्यात, उरलेली उद्याला, असं केलं की द्रावण घट्ट होतं आणि मुलाच्या रक्तातलं मीठ धोक्याच्या पातळीवर जातं. उकळून गार केलेलं पाणी उत्तम. केलेलं द्रावण चोवीस तासांनी ओतून द्यायचं. पुडकंच नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा.

मग मूल कुठल्या गटात आहे ते ठरवा. पोटाच्या कातडीला चिमटा घेऊन सोडा, डोळे बघा, पाणी पुढे करा. चिरचिरं झालं आहे, डोळे खोल गेले आहेत, पाण्यावर तुटून पडतं, चिमटा हळू मिटतो: यातल्या दोन खुणा असतील तर शुष्कता, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं आहे. गुंगीत आहे, डोळे खोल, पिता येत नाही, चिमटा मिटायला दोन सेकंदांहून जास्त लागतात: यातल्या दोन असतील तर गंभीर शुष्कता. अशा मुलाला शिरेतून सलाईन हवं, आणि रस्त्यात पिऊ शकत असेल तर घोट घोट जलसंजीवनी चालू ठेवा. खुणा नसतील तर घरीच, दर पातळ शौचानंतर दोन वर्षांखाली पन्नास ते शंभर मिलिलिटर आणि त्यापुढे शंभर ते दोनशे.

मधल्या गटाच्या, म्हणजे शुष्कता आहे पण गंभीर नाही अशा मुलाला केंद्रातच बसवा. किलोमागे पंच्याहत्तर मिलिलिटर, चार तासांत. आठ किलोंच्या मुलाला सहाशे मिलिलिटर होतात. चमच्याने, घोटाघोटाने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा आणखी हळू सुरू करा. उलटी झाली म्हणून पाणी बंद, हा समज मुलं घालवतो. चार तासांनी पुन्हा चिमटा, पुन्हा डोळे, पुन्हा गट ठरवा. आईला हे सगळं तिच्या हाताने करू द्या. नर्सने पाजलं तर मूल बरं होतं, पण पुढच्या वेळी आई पुन्हा हातावर हात ठेवून बसते.

जोडीला झिंक: सहा महिन्यांच्या आत रोज दहा मिलिग्रॅम, पुढे वीस, दहा ते चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि गोळ्याही थांबतात. म्हणून गोळी जुलाबासाठी आहे असं सांगूच नका. आतडं पुन्हा भरून निघावं आणि पुढचे दोन-तीन महिने जुलाब कमी व्हावेत म्हणून आहे, असं सांगा. अंगावरचं दूध आणि नेहमीचं जेवण चालू ठेवा. शौचात रक्त असेल किंवा कॉलराचा संशय असेल तरच प्रतिजैविक. हगवण रोखणारी औषधं लहान मुलाला कधीच नाहीत. आणि एक कबूल करायला हवं: जलसंजीवनीने शौच लगेच आटत नाही. घरच्यांना तेच हवं असतं, म्हणून ते जलद थांबवणाऱ्या गोळीकडे वळतात. हे आधीच सांगितलेलं बरं.

ताप

मलेरियाच्या भागात तापाच्या मुलाची रक्तचाचणी त्याच दिवशी. आफ्रिकेत मलेरियाने होणाऱ्या मृत्यूंपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक पाच वर्षांखालच्या मुलांचे असतात. चाचणी होकारार्थी आली तर आर्टेमिसिनिनवर आधारित संयुक्त गोळ्या, पूर्ण तीन दिवस. मूल बेशुद्ध किंवा झटके देणारं असेल आणि इंजेक्शन देता येत नसेल, तर सहा वर्षांखाली गुदमार्गे आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध देऊन लगेच पाठवायचं. ही एक मात्रा पूर्ण उपचार नव्हे. चाचणी नकारार्थी आली की काम संपत नाही, तिथून श्वास मोजणं आणि मान ताठ आहे का बघणं सुरू होतं. मच्छरदाणी वाटून मोकळं होऊ नका, रात्री जाऊन बघा ती कुणावर टांगली आहे. २०२१ आणि २०२३ साली शिफारस झालेल्या दोन मलेरिया लसी आता काही देशांत नियमित लसीकरणात आल्या आहेत, पण मच्छरदाणीची जागा त्या घेत नाहीत.

दंडाचा घेर

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर फीत लावा. ११५ मिलिमीटरच्या खाली, किंवा दोन्ही पायांवर दाबल्यावर खड्डा राहील अशी सूज, म्हणजे तीव्र कुपोषण. ११५ ते १२५ म्हणजे मध्यम. सुजलेलं मूल गुबगुबीत वाटतं आणि वजनकाटाही फसवतो, म्हणून पाय दाबल्याशिवाय मूल सोडू नका. फीत आईला देऊन टाका. दर महिन्याला ती स्वतः मोजेल तर तुमच्या शिबिराची वाट बघावी लागत नाही.

पुढचा प्रश्न भुकेचा. तयार पोषक लेप समोर ठेवा आणि शांत जागी खाऊ घालून पाहा. खातं आहे, धोक्याची खूण नाही, सूज फार नाही, तर घरी उपचार. शेंगदाणे, दूधपावडर, तेल, साखर आणि जीवनसत्त्वं यांचा हा लेप १९९६ साली आंद्रे ब्रियां आणि मिशेल लेस्कान यांनी बनवला. पाण्यात कालवावा लागत नाही, म्हणून अस्वच्छ पाण्याच्या घरातही टिकतो. तो येण्याआधी अशा मुलांना आठवडेच्या आठवडे दवाखान्यात ठेवावं लागे आणि इतर मुलं घरी सोडून आई तिथे राहू शकत नसे. जे खात नाही, गुंगीत आहे किंवा आजारी आहे, ते मूल मात्र दाखलच करायचं. तिथे भराभर खायला घालणं किंवा घाईने सलाईन चढवणं जीवघेणं ठरतं. पहिले दिवस थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी कमी ताकदीचं दूध, उब, रक्तातली साखर खाली जाऊ न देणं आणि प्रतिजैविक. लोहाची गोळी नंतर.

कुपोषण सुरू होतं ते बहुधा सहा ते अठरा महिन्यांत. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, मग लगेच वरचं जेवण सुरू. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीनदा, नवव्या महिन्यापासून तीन-चारदा, जोडीला मधलं खाणं. पातळ पेज पोट भरते, वाढ देत नाही. चमचा तिरका केला तर लगेच ओघळणार नाही इतकं दाट हवं, आणि डाळी, अंडं, मासे, दूध, भाज्या यांतलं जे परवडतं ते रोज थोडं. अंगावरचं दूध दोन वर्षं आणि पुढेही.

लसी, थोडक्यात

जागतिक आरोग्य संघटनेचा विस्तारित लसीकरण कार्यक्रम १९७४ साली सुरू झाला. पन्नास वर्षांत लसींनी १५ कोटींहून अधिक जीव वाचवले असा अंदाज आहे, त्यातले बहुतांश गोवराच्या लसीमुळे. वेळापत्रक तुमच्याकडे भिंतीवर आहेच. लक्ष दोन ठिकाणी द्या. पहिलं, एकही डोस न मिळालेली मुलं: २०२३ साली अशी जगात सुमारे १ कोटी ४५ लाख होती. ती यादीत नसतात, कारण त्यांचा जन्मच कुठे नोंदलेला नसतो. प्रसूतीच्या नोंदी आणि लसींच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिलं की नावं सापडतात. दुसरं, गोठणं. लस गरमीने बिघडते हे सगळ्यांना माहीत असतं, पण पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची एकत्र लस) आणि कावीळ-ब ची लस बर्फाला टेकून गोठली तरी निकामी होते. दोन ते आठ अंश, खाली नाही आणि वरही नाही. गोवराची कुपी मिसळल्यावर सहा तासांनी फेकून द्यायची, कितीही डोस उरले तरी. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचा डोस दर सहा महिन्यांनी याच हजेरीत उरकता येतो.

पुढे पाठवताना

थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ साली मातामृत्यूंबद्दल तीन विलंब मांडले: ठरवायला, पोचायला आणि पोचल्यावर उपचार मिळायला. मुलांनाही ते तंतोतंत लागू पडतात. ‘मोठ्या दवाखान्यात न्या’ एवढं म्हणून हात झटकले तर तिन्ही विलंब तिथेच सुरू होतात. निघण्याआधी औषधाची पहिली मात्रा द्या. अंगावर पाजा, आणि आई पाजू शकत नसेल पण मुलाला गिळता येत असेल तर दोनशे मिलिलिटर पाण्यात सपाट चार चमचे साखर घालून त्यातलं तीस ते पन्नास मिलिलिटर घाला. बाळ लहान असेल तर आईच्या छातीला बांधूनच पाठवा. चिठ्ठीत वजन, श्वासाचा आकडा, काय दिलं आणि किती वाजता दिलं एवढं लिहा. वेळ लिहिली नाही तर पुढचा डॉक्टर पुन्हा डोस देतो किंवा देतच नाही.

नवरा कामावर आहे, घरी दुसरं मूल आहे, गाडी नाही, पैसे नाहीत: यातलं कुठलं अडतं आहे ते तोंडाने विचारा. ‘नेऊ’ हे उत्तर अनेकदा सभ्यपणे दिलेला नकार असतो. गाव पातळीवर एका वाहनचालकाचा नंबर आणि थोडा निधी आधी ठरवून ठेवला असेल तर पुष्कळ नकार होकारात बदलतात. त्याच संध्याकाळी फोन करा आणि पोचले का विचारा. पोचले नसतील तर दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जायचं, आणि जाताना जेंटामायसिन, अमॉक्सिसिलिन, जलसंजीवनी आणि थर्मामीटर पिशवीत असू द्यायचं.